एका दाराच्या नोंदी : विज्ञानपटाच्या मेकिंगची रोजनिशी

११ नोव्हेंबर २०२४

आज काम सुरू झालं. सहा भाग, प्रत्येक भाग साधारण २२ मिनिटांचा. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका तळावर घडणारा मराठी सिनेमा कसा उभा राहतो, ते दाखवायचं आहे. युनिट तिघांचं. मी, दुसऱ्या कॅमेऱ्यावर एक मुलगा आणि साउंडला एक मुलगी.

निर्मात्यांना मेकिंग म्हणजे मुलाखती हव्यात. सगळ्यांनी एकमेकांबद्दल चांगलं बोलायचं आणि मध्येमध्ये सेटवरची हसतीखेळती दृश्यं. मी त्यांना लेखीच कळवलं की ही मालिका हातांची आहे. कोण काय करतं, कसं करतं, कुठे अडतं, कसं सुटतं, एवढंच आम्ही टिपणार. त्यांनी होकार दिला. अट एकच, प्रत्येक भाग दिग्दर्शकाला आधी दाखवायचा. ती मला मान्य आहे.

सेट इचलकरंजीजवळच्या एका बंद सूतगिरणीच्या शेडमध्ये लागतोय. शेड ७२ मीटर लांब, वर पत्रा, आत एकही खिडकी धड नाही. छताच्या कैच्यांवर अजून कापसाची पिंजर चिकटलेली आहे. दिग्दर्शक कोल्हापूरचा. मुंबईत सेट लावा असं त्याला सगळ्यांनी सांगितलं, पण त्याला कोल्हापूरचं उद्यमनगर, म्हणजे तिथली कारखान्यांची वसाहत, जवळ हवं होतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तिथे चांद्रतळाचं दारही बनेल असं तो म्हणतो. म्हणताना त्याचा आवाज चढतो. मला ते आवडलं.

सकाळी पहिलं काम केलं ते एका छोट्या कॅमेऱ्याचं. तो वरच्या कैचीला आवळून बांधला. दर दहा मिनिटांनी एक फ्रेम, रोज दहा तास, सेट पुरा होईपर्यंत. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज एकेक फ्रेम घेतली होती, ते डोक्यात होतं. मोकळी फरशी ते चांद्रतळ, सव्वा-दीड मिनिटात.

१९ नोव्हेंबर

आज दाराची बैठक होती. अख्खा सिनेमा ज्या दाराभोवती फिरतो ते हवाबंद दार. तळाच्या आत हवा, बाहेर निर्वात, मधे एक छोटी खोली आणि तिचं गोल दार.

दिग्दर्शकाच्या स्केचमध्ये दार बाजूला सरकत होतं. सल्लागार म्हणून भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी स्केच पाहिलं आणि पाठीमागे हिशेब मांडला. दाराचा व्यास १.८ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या थोडं वर. हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण दहा टन. म्हणजे दारावर आतून सव्वीस टनांचा रेटा. “सव्वीस टनांनी दाबलेलं दार बाजूला सरकवाल कसं? हे दार आत उघडायला हवं आणि कडेला निमुळतं हवं. मग हवाच त्याला दाबून धरते. कडीची गरज उरत नाही.”

बैठकीत उद्यमनगरातले पॅटर्नमेकर मिस्त्री होते. वय चौसष्ट. चाळीस वर्षं ऑइल इंजिनं आणि पंपांच्या कास्टिंगचे लाकडी पॅटर्न करतायत, म्हणजे वाळूत ज्यांचा साचा उमटवून त्यात धातू ओततात ते नमुने. इतका वेळ गप्प होते. सरांचं संपल्यावर म्हणाले, “म्हंजे आतनं लावल्यालं बूच.” सर म्हणाले, अगदी तेच. मिस्त्री म्हणाले, “मग त्याला ड्राफ्ट द्यायचा, म्हंजे उतार. पॅटर्न वाळूतनं निघावा म्हणून देतो तसा. किती अंश देऊ?”

दहा अंश ठरलं. एका बाजूला निर्वाताचं शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या साच्याचं, दोघांना एकच उतार लागतो हे टेबलावर बसलेल्या सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. ते चेहरे मिळालेत.

२६ नोव्हेंबर

दिवसभर मिस्त्रींच्या पॅटर्न शॉपमध्ये. दहा बाय तीसची जागा. भिंतीवर लाल रंगवलेले जुने पॅटर्न खुंट्यांना टांगलेत. पंपाची केसिंगं, इंजिनाचे हेड, कुठल्याशा मशीनचे पाय. ओळीनं पटाश्या, गोलच्या, रंधे. सागवानाचा वास.

त्यांच्या खिशात नेहमी एक पितळी टोकांची, घडीची लाकडी पट्टी असते. मी विचारलं. त्यांनी ती माझ्या हातात दिली. “ही साधी पट्टी न्हाई. हिच्यावरचा एक मीटर म्हंजे एक मीटर आन् धा मिलिमीटर.” बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळून साच्यात ओततात, ते थंड होताना शेकड्याला साधारण एक आवळतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला गणित करत बसण्यापेक्षा पट्टीच तशी बनवलेली असते. श्रिंकेज पट्टी. अॅल्युमिनियमची वेगळी, कारण ते आणखी आवळतं.

चाळीस वर्षं हा माणूस वस्तूच्या खऱ्या मापात कामच करत नाही. तो करतो ते पुढे थंड होऊन जे उरेल त्याच्या हिशेबानं. दुसऱ्या भागाची सुरुवात इथून.

दाराचा प्लाय कापायला घेतला. मोठा कंपास पट्टीला लावून ९०० मिलिमीटरचं अंतर धरलं आणि एका दमात वर्तुळ फिरवलं. हात जरासुद्धा थरथरला नाही. तो शॉट खूप सुंदर आलाय.

५ डिसेंबर

आवाजाची अडचण. शेडच्या मागेच यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट. मुलाखतींत ती मागे ऐकू येते. सिनेमाचे संवाद नंतर डब होतील, आमचे होणार नाहीत. माग बंद करा म्हणणं योग्य नाही, लोकांचं पोट आहे त्यावर. मुलाखती मागांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवल्या.

शिवाय सेटच्या पॅनेलमधल्या एलईडी पट्ट्यांच्या डिमरमुळे आमच्या चित्रात आडवे पट्टे येत होते. शटर थोडंथोडं सरकवून जुळवलं. सिनेमाचा कॅमेरा २४ फ्रेमवर आणि १७२.८ अंशांच्या शटरवर आहे, म्हणजे बरोबर १/५० सेकंद. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेला ते चालतं. आम्ही २५ वर आहोत.

९ डिसेंबर

दार बसवायचा दिवस. लोखंडी रिंग फॅब्रिकेटरनं दोन दिवस आधीच उभी केली होती. टेंपोतून दार उतरवलं, आठ जणांनी. मिस्त्रींनी फाउंड्रीतून ग्रॅफाइटची पूड आणली होती, तीच जी साच्याला आतून लावतात. काळ्या रंगावर ती फडक्यानं घासल्यावर लाकडाचं पोलाद झालं. मी हात लावून पाहिला, गार लागेल असंच वाटलं.

बिजागरी लागली. मागे पुली, दोर, तोलाला वाळूच्या पिशव्या. दार हळूहळू आत आलं, आणि रिंगला टेकून थांबलं. पाच सेंटिमीटर बाहेर. आणखी दाबलं, तिथेच.

पुढची काही मिनिटं कुणी मोठ्यानं बोललं नाही. कला दिग्दर्शकानं टेप काढून रिंग मोजली. बरोबर. फॅब्रिकेटरचा मुलगा म्हणाला, आमचं माप बरोबर आहे. खरंच होतं. मग मिस्त्रींनी टेप मागून घेतला आणि दार मोजलं. १८१८. टेप गुंडाळला. खिशातून ती पट्टी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि परत खिशात ठेवली. इतकंच. एक शब्द नाही.

मला कळायला वेळ लागला. रात्री जेवताना २६ तारखेचे रशेस, म्हणजे त्या दिवशीचं कच्चं फुटेज, काढून बसले. कंपासचं टोक त्याच पट्टीवर ठेवलेलं आहे. तिच्यावरचे ९०० म्हणजे खरे ९०९. ज्या शॉटला मी सुंदर लिहिलं, तोच. चूक माझ्यासमोर झाली होती, फोकसमध्ये होती, आणि त्याच दिवशी त्यांनी मला पट्टीचं सगळं समजावूनही सांगितलं होतं. आम्हां दोघांनाही दिसली नाही.

हे दार ओतायचं नव्हतं. ते थंड होऊन आवळणार नव्हतं.

१० डिसेंबर

कला दिग्दर्शकानं पर्याय दिला होता की रिंग कापून मोठी करू, वेल्डर तयार आहे. मिस्त्री नको म्हणाले. “चूक लाकडात हाय, लोखंडाला का कापायचं?”

काल रात्री नऊला त्यांनी रंधा हातात घेतला. सगळीकडून नऊ मिलिमीटर, दहा अंशांचा उतार राखून. मशीनवर एवढं मोठं वर्तुळ चढत नाही, त्यामुळे हातानंच. दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. त्यांचा नातू दिवा धरून उभा. मी विचारलं, शूट करू का? त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला नीट कळलं नाही. मी केलं. हे इथे लिहून ठेवते.

माग रात्रपाळीलाही चालू होते. साउंडच्या मुलीनं बूम बाजूला ठेवला आणि दाराच्या मागच्या बाजूला काँटॅक्ट माइक चिकटवला. तो हवेतला आवाज घेतच नाही, लाकडातून जे थरथरत येतं तेवढंच घेतो. हेडफोन लावल्यावर मागांची खटखट एकदम नाहीशी झाली आणि फक्त रंध्याचा श्वास राहिला. लांब, मग थांबणं, पुन्हा लांब. मधेच पटाशीचा एक ठोका, खोल कुठूनतरी आल्यासारखा.

पहाटे साडेतीनला थांबले. गुण्याला कोन लावून सहा ठिकाणी उतार तपासला. सकाळी दहाला दार आत आलं आणि बसलं. बसताना आवाज आला तो ‘धप’ असा नव्हता. दोन वस्तूंमधली हवा बाहेर पडते तेव्हा येतो तसा होता, सुस्कारल्यासारखा. लाइटच्या दादांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री हात धुवायला गेले होते.

१६ डिसेंबर

उजेडाचा दिवस. चंद्रावर हवा नाही, म्हणून उजेड पसरत नाही. सावली पडते ती काळीकुट्ट आणि धारदार. ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालगत फिरतो, त्यामुळे सावल्या लांबच लांब.

गॅफरनं, म्हणजे दिव्यांच्या प्रमुखानं, भिंतींना, पत्र्याला, खांबांना काळं कापड मारलं. कुठूनही उजेड परत येता कामा नये. मग दिव्याचं अंतर. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो. अठरा केच्या, म्हणजे अठरा किलोवॉटच्या, दिव्याच्या भिंगाचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर. तेवढं भिंग अर्ध्या अंशाचं दिसायला दिवा चौसष्ट मीटरवर हवा. शेड बहात्तर मीटरची. दिग्दर्शकानं ही शेड का हट्टानं घेतली ते आज समजलं. दिवा लांब असण्याचा दुसरा फायदा गॅफरनं चालत दाखवला. जवळच्या दिव्यापुढे चार पावलं मागे गेलात की उजेड लगेच पडतो. इथे तो पाच मीटर मागे गेला तरी लाइटमीटरवर मामुली फरक आला. सूर्याचा उजेड तसाच असतो.

अंतराळवीराचा सूट घातलेली मुलगी त्या एकाच दिव्यात उभी राहिली. अर्धा चेहरा होता, अर्धा नव्हताच. शेडमध्ये सगळे आपोआप हळू बोलायला लागले.

३ जानेवारी २०२५

गुरुत्वाकर्षणाची टेस्ट. चंद्रावर वस्तू सहापट कमी ओढीनं पडते. तेवढ्याच उंचीवरून पडायला वेळ सहापट लागत नाही, सहाच्या वर्गमूळाइतका लागतो. म्हणजे सुमारे अडीचपट. म्हणून ६० फ्रेमनं शूट करून २४ नं दाखवायचं. पाना हातातून सुटतो तो शॉट पाहिला आणि पटला.

माणसाचं मात्र पटत नाही. पाना मंद पडतो ते बरोबर, पण हातही मंद उचलला जातो, आणि चंद्रावरचा माणूस काही आळसावलेला नसतो. नटीनं यावर आठवडाभर काम केलंय. हातवारे अडीचपट जलद करायचे आणि उडी मात्र नेहमीसारखी. म्हणजे मंद केल्यावर हात माणसाचे दिसतात आणि उडी चंद्राची. सोळा टेक झाले. सतरावा बघताना सर खुर्चीतून उठले.

तिचे गुडघे सुजलेत. तेही घेतलंय, तिला विचारून.

१४ जानेवारी

यानाचं मॉडेल उतरवणं. मॉडेल खऱ्याच्या पंचविसाव्या भागाचं. छोटी वस्तू मोठी वाटायची तर कॅमेऱ्याचा वेग पंचविसाच्या वर्गमूळानं, पाचपट वाढवायचा. त्यावर चंद्राचे अडीच. एकूण बारापटीच्या वर, म्हणजे जवळजवळ ३०० फ्रेम. तेवढ्यासाठी उजेडही बारापट लागतो, म्हणून दुपारभर जनरेटरच्या जोडण्या.

धूळ उडवायला मुलतानी माती आणली होती, सिनेमात धुळीसाठी तीच वापरतात. पहिल्या टेकला सुंदर ढग उठला आणि हवेत तरंगत राहिला. सर म्हणाले, तरंगायला हवा कुठाय? चंद्रावर प्रत्येक कण फेकलेल्या दगडासारखा जातो आणि सरळ खाली येतो. ढग होतच नाही.

मग खडी क्रशरवरून क्रश सँड आणली. चाळली, तीन वेळा धुतली, बारीक सगळं काढून टाकलं, पत्र्यावर वाळवली. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, काळा. चंद्रावर दुर्बिणीतून दिसणारे काळे डागही बेसाल्टचेच. पण दक्षिणेकडचा भाग डोंगराळ आणि फिकट दगडाचा आहे, चांद्रयान-३ नं तिथल्या मातीची तपासणी केली तेव्हा तेच आढळलं. म्हणून सँडमध्ये पांढऱ्या दगडाची भरड मिसळून रंग फिका केला. हे सगळं सेकंदाच्या एका शॉटसाठी. तो शॉट लागला तेव्हा कण छत्रीसारखे फाकले आणि एकदम खाली आले, मागे स्वच्छ काळं आकाश. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

२७ जानेवारी

शूट संपलं. सेट तीन दिवसांत मोडणार. दार कुणी न्यायचं यावर चर्चा झाली, शेवटी दिग्दर्शकानं घरी नेलं.

आमच्याकडे ४१ दिवसांचं फुटेज, साधारण साडेसात टेराबाइट. तीन प्रती, तीन वेगळ्या जागी. टाइमलॅप्सच्या कामाच्या ३४ दिवसांच्या २,०४० फ्रेम झाल्या, ८१ सेकंद. शिवाय ९ डिसेंबरच्या रात्रीच्या जादा फ्रेम, त्यांत सगळी शेड अंधारात आहे आणि एका कोपऱ्यात दिव्याचा एक ठिपका. त्या दिवशी दहा तास झाल्यावर कॅमेरा बंद करायला मी विसरले होते म्हणून तो ठिपका मिळाला.

मार्च, एप्रिल

लॉगिंग. रोज आठ तास बघणं आणि लिहून काढणं. दुसरं सांगण्यासारखं नाही, एक सोडून.

सिनेमाच्या साउंड डिझायनरचा फोन आला. दारातून हवा निघून जाते त्या प्रसंगाशी ते अडले होते. हवा विरळ होत जाते तसा आवाज बारीक होत जातो आणि शेवटी काहीच उरत नाही. पण नायिकेचा हात दारावर आहे. हवेतून काही येणार नाही, हातातून मात्र येईल, धातूतली थरथर हाडांपर्यंत पोचेल. तसा आवाज कसा बनवायचा? आमच्या साउंडच्या मुलीनं त्यांना त्या रात्रीचं काँटॅक्ट माइकचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी ते दोन सुरांनी खाली आणलं आणि तसंच लावलं.

म्हणजे आता सिनेमात, निर्वातात, प्रेक्षकाला जे ऐकू येतं तो मिस्त्रींचा रंधा आहे.

२० मे

आज पहाटे जयंत नारळीकर गेले. बातमी आली तेव्हा आम्ही दुसरा भाग लावत होतो. दिग्दर्शक तिथेच होता, बराच वेळ काही बोलला नाही. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. दिग्दर्शक विज्ञानकथेकडे वळला तोच शाळेच्या ग्रंथालयातून घरी नेलेल्या त्यांच्या मराठी कथांमुळे. मंगळावरचा माणूस मराठीत बोलू शकतो हे तिथे कळलं, असं त्यानं पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. तो तुकडा आता पहिल्या भागाच्या सुरुवातीला घेतोय.

काम पुढे नेलं नाही. चहा घेतला आणि मशीन बंद केलं.

८ जून

दुसरा भाग दिग्दर्शकाला दाखवला. बूच, पट्टी, कंपास, न बसलेलं दार, रात्र, बसलेलं दार. संपल्यावर तो म्हणाला, सगळं ठेव, पण १८१८ चा टेप आणि खिशातली पट्टी काढ.

मला वाटलं त्याला सिनेमाची काळजी आहे. नव्हती. तो म्हणाला, “मिस्त्रींना अजून उद्यमनगरातलीच माणसं काम देतात. पॅटर्नमेकरनं पट्टी चुकवली, हे तिथे कुणी विसरणार नाही. आणि काम त्याच्या त्याच्या जोरावर उभं राहावं. नारळीकरांनी पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे बघून नाही, कथा वाचून निकाल लागावा म्हणून. दार पडद्यावर खरं वाटतं की नाही, एवढंच बघावं लोकांनी.”

त्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. घरी येताना सुचत गेलं. फाळक्यांनी १९१७ सालीच सिनेमा कसा तयार होतो ते दाखवणारा माहितीपट केला होता. तालीम, शूटिंग, फिल्मची जोडणी, सगळं उघड केलं. त्यांचे देव प्रकट होतात ते कसं, हे गुपित राहावं म्हणून त्यांनी कॅमेरा झाकून ठेवला नाही. आणि माझ्या भागातून ती दोन मिनिटं काढली तर रात्रभर रंधा का चाललाय हेच कळत नाही. ते नुसतं कष्टाचं दृश्य होतं. चूक काढली की त्यांचं शहाणपणही जातं. रिंग न कापण्याचा निर्णय जातो.

पण ‘अजून त्यांना काम देतात’ हे खरं आहे. ते मी ठरवू शकत नाही. दिग्दर्शकही ठरवू शकत नाही.

२२ जून

मिस्त्रींच्या घरी गेले. एकटी, कॅमेरा न घेता, लॅपटॉप घेऊन. कॅमेऱ्यासमोर विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, म्हणून. त्यांना आधी सांगितलं की यात तुमची पट्टी आहे. न पटलं तर ते काढू, त्याशिवायचा कटही मी करून आणलाय, कारण विचारणार नाही.

त्यांच्या शेजारी सूनबाई आणि तो नातू. कंपास फिरला तसे ते पुढे झुकले. टेप गुंडाळला तिथे सूनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी नाही बघितलं. रात्र आली, रंधा चालला, सकाळ झाली, दार बसलं.

ते म्हणाले, “मागं घ्या.” मी पट्टीपाशी नेलं. “तिथं न्हाई. रंध्यापाशी.” रंध्याचा भाग पुन्हा बघितला. मी सहा-साडेसहा तासांचे चाळीस सेकंद केले होते, वर संगीत होतं.

“एवढ्यात कुठं होतंय, ताई? चूक धा मिनिटं दाखवलीय आन् दुरुस्ती अशी भुर्रकन.”

चूक दोन मिनिटंच होती, पण त्यांना ती दहा वाटली. मी ते बोलले नाही. विचारलं, मग पट्टीचं ठेवू का? ते म्हणाले, “ठेवा. नव्या पोरांना ठावंच न्हाई दोन पट्ट्या असत्यात. आता कंप्युटरच देतोय वाढवून. पण मग हेबी पुरतं दाखवा.”

नातू म्हणाला, माझा दिवा धरलेला हात दुखत होता तेही दाखवा.

३० जून ते १२ जुलै

रंध्याचा भाग चार मिनिटं दहा सेकंदांचा केला. संगीत काढलं. फक्त काँटॅक्ट माइक. संकलकाला भीती होती की एवढा वेळ कुणी बघणार नाही. तिसऱ्यांदा बघताना तो स्वतःच म्हणाला, कापू नकोस. सालपं वळून खाली पडतात, दिव्याचा हात हळूहळू खाली येतो, आजोबा न बघता म्हणतात “वर”, हात वर जातो. हे चार वेळा होतं. चौथ्या वेळी ते “वर” म्हणत नाहीत, स्वतःच दिवा घेऊन खुंटीला अडकवतात आणि पोराला निजायला पाठवतात. चाळीस सेकंदांच्या कटमध्ये हे नव्हतंच. मलाच ते सापडलं नव्हतं.

दिग्दर्शकाला पुन्हा दाखवलं. त्यानं मिस्त्रींना फोन लावला, बाहेर जाऊन बोलला, आत येऊन म्हणाला, लॉक कर.

३ ऑगस्ट

एक शेवटचा शॉट राहिला होता, त्यासाठी उद्यमनगरात. मिस्त्रींनीच बोलावलं. टेबल पुसून ठेवलं होतं. एक साधी मीटरपट्टी आणि एक त्यांची, पितळी टोकांची. दोन्ही शून्याला गुण्या लावून जुळवल्या आणि मला म्हणाले, हळूहळू न्या कॅमेरा.

मॅक्रो लेन्स लावली आणि टेबलाच्या कडेनं सरकत गेले. दहाला रेघा जुळल्यासारख्याच दिसतात. तीसला शंका येते. पन्नासला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक स्पष्ट. नव्वदला मी थांबले, न सांगता. तिथे दोन रेघांमध्ये नऊ मिलिमीटर होते. त्यांनी त्या फटीत करंगळीचं नख ठेवलं.

“घेतलं?”

घेतलं, मी म्हणाले. त्यांनी साधी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि आपली उचलून खिशात ठेवली. मागे एका पंपाचा पॅटर्न अर्धा झाला होता, ते त्याच्याकडे वळले.